ताई, मला चालेल ना?

"केकवर लेख? आणि तोही इंजिनीअरिंगच्या मॅगझिनमध्ये?" मराठी विभागाच्या संपादिका बाईंनी (म्हणजे माझ्याच रूममेटने) विषय ऐकून डोळे मोठे केले. तिला वाटलं मी 'रुचिरा'सारखं काहीतरी लिहून देणार. तर मित्रांनो, आधीच सांगते, लेखात रेसिपी आहे. पण लेख रेसिपीसाठी नाही. एका प्रश्नासाठी आहे.

"ताई, मला चालेल ना?"

हा प्रश्न माझ्या चुलत भावाचा. नाव सोनू, वय वर्षं नऊ. समोर बिस्किट असो, लग्नातलं ताट असो नाहीतर देवळातला प्रसाद, तो आधी हात मागे घेतो, जवळच्या मोठ्या माणसाकडे बघतो आणि विचारतो. सोनूला दुधाची ॲलर्जी आहे. दूध, दही, ताक, पनीर, खवा, लोणी, सगळं बंद. आपण पेढा सहज तोंडात टाकतो. तो टाकू शकत नाही.

मी फर्स्ट इयरला होते तेव्हाची गोष्ट. सोनूचा सातवा वाढदिवस होता. काकू दरवर्षी त्याच्यासाठी घरी रव्याचा, नारळाच्या दुधातला साधा केक करायची. पण त्या वर्षी त्याला मित्रांच्या वाढदिवसाला असतो तसा, पांढऱ्या क्रीमचा, फुलंबिलं काढलेला केक हवा होता. एका बेकरीवाल्याने सांगितलं, "आम्ही दुधाचं क्रीम वापरतच नाही. हे नॉन-डेअरी आहे. केकमध्येही दूध नाही." खात्री पटावी म्हणून त्याने क्रीमचं पाकीटच पुढे केलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून घरातली सगळी इंग्रजी लेबलं वाचायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. मी पाकीट वाचलं. वर ठळक अक्षरात 'नॉन-डेअरी'. मागे बारीक अक्षरात लांबलचक यादी, त्यात 'सोडियम केसिनेट' असा एक शब्द. मी तोही वाचला. वाटलं, असेल एखादं मीठ, सोडियम क्लोराइडसारखं. काकूला म्हटलं, "चालेल."

संध्याकाळी सोनूने मला विचारलं, "ताई, मला चालेल ना?" मी म्हटलं, "हो रे, बिनधास्त खा."

पाच-दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर लाल गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या आणि मग श्वास लागायला लागला. काकाने त्याला उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलमध्ये इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तो बरा होता, हसत होता. माझ्याशी नेहमीसारखाच बोलला. पण त्यानंतर मी 'चालेल' म्हटलं की तो एकदा काकूकडेही बघून घेतो. मला ते दिसतं. त्याचा राग नाही, पण दिसतं.

आता मी केमिकल थर्ड इयरला आहे. सोडियम केसिनेट म्हणजे काय ते आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं आणि चोथा वेगळा होतो, ज्याचं आपण पनीर करतो. त्या चोथ्यातलं मुख्य प्रोटीन म्हणजे केसिन. कारखान्यात ते आम्लाने वेगळं करतात आणि मग कॉस्टिक सोड्याने उदासीन करतात, म्हणजे ते पाण्यात विरघळतं. झालं सोडियम केसिनेट. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवायला ते फार कामाचं असतं. म्हणून पाम तेलाच्या वर्गातल्या फॅटपासून केलेल्या बऱ्याच 'नॉन-डेअरी' क्रीममध्ये ते घालतात. तिथे 'नॉन-डेअरी' याचा अर्थ एवढाच, की दुधाची चरबी नाही. दुधाचं प्रोटीन असू शकतं. आणि सोनूला ॲलर्जी असते ती नेमकी प्रोटीनची.

म्हणजे पाकिटावर खोटं छापलेलं नव्हतं. मागे खरं लिहिलेलंही होतं. मला इंग्रजी वाचता येत होतं, समजत मात्र नव्हतं. आज वाटतं, आजीने निदान "ह्या काय गो?" असं विचारलं असतं. मला येत होतं असं वाटल्यामुळे मी विचारलंच नाही.

इथे एक गोंधळ दूर करते, कारण तो घरोघरी आहे. लॅक्टोज न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवायला लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं आणि मोठेपणी अनेकांच्या शरीरात ते कमी होतं. अशा माणसाने ग्लासभर दूध प्यायलं तर पोट फुगेल, गडबड होईल, पण बऱ्याचदा दही-ताक चालून जातं. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा दुधातल्या प्रोटीनलाच शत्रू समजते. तिथे थेंबभर दूधही पुरेसं होऊ शकतं. लॅक्टोज काढलेलं दूध चालत नाही, कारण प्रोटीन तसंच असतं. बकरीचं दूधही बहुतेकांना चालत नाही, कारण त्यातली प्रोटीनं गाईच्या दुधासारखीच असतात. पुष्कळ मुलांची ही ॲलर्जी मोठेपणी जाते. सोनूची अजून गेलेली नाही.

पण हे सांगायचं कुणाला? नातेवाईक म्हणतात, "थोडं थोडं द्या, सवय होईल." "आमच्या वेळी नव्हती असली थेरं." "दुधाने कधी कुणाचं वाईट झालंय का?" मी त्यांना दोष देत नाही. १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडनंतर आपल्या देशात दूध वाढत गेलं आणि आज जगात सगळ्यात जास्त दूध आपणच काढतो. आपल्याकडे दूध म्हणजे नुसतं अन्न नाही, माया आहे. पोराला वाटीभर दूध-साखर दिली की आजीला बरं वाटतं. ते दूध नको म्हणणं म्हणजे तिची मायाच नको म्हटल्यासारखं होतं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही इथे उपयोगाचा नाही. तो पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो, आणि शाकाहारात दूध येतंच.

त्या वाढदिवसानंतर सोनूने क्रीमच्या केकचं नाव काढलं नाही. मागितला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी मीच ठरवलं, की त्याला क्रीमचा केक द्यायचा. आणि त्यात काय काय आहे ते मला शेवटच्या चमच्यापर्यंत माहीत असलं पाहिजे.

शोधता शोधता मला काजूच्या क्रीमचा गोठवलेला केक सापडला. तो मूळचा तिकडचा, अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या 'रॉ फूड' म्हणजे कच्चं अन्न खाणाऱ्या मंडळींचा. ही मंडळी अन्न साधारण ४८ अंश सेल्सियसच्या वर तापवत नाहीत. मग चीजकेक कसा करायचा? तर काजू भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं तेल आणि काहीतरी गोड घालायचं, खाली खजूर आणि बदामाचा थर, वर फळं, आणि ओव्हनऐवजी फ्रीझर. त्यांना दूध नको असतं ते तत्त्व म्हणून. 'व्हेगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला, तो प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्यांसाठी. आमच्या सोनूला तत्त्वबित्त्व काही नाही. त्याला केक हवाय.

यादी वाचून मला हसू आलं. काजू, नारळाचा रस, खोबरेल तेल, गूळ. ही तर वेंगुर्ल्याच्या आमच्या आजीच्या फडताळातली यादी! काजूचं वाटण लावून घट्टपणा आणणं आणि नारळाचा दाट रस काढणं कोकणातल्या बायका कित्येक पिढ्या करत आल्या आहेत. सोलकढीत दुधाचा थेंब नसतो, तरी आपण तिला कधी 'डेअरी-फ्री' म्हणत नाही. काजू मात्र आपलाही मूळचा नव्हे. तो पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला, आणि काजू हे नावसुद्धा त्यांच्याच 'काजू'वरून आलं. पण आता वेंगुर्ल्याला काजूचं संशोधन केंद्र आहे आणि 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' अशा तिथल्या जाती सगळीकडे लावतात. परदेशातून आलेली वस्तू आपलीशी करायला आपल्याला वेळ लागतो, पण करतो आपण.

आता कृती. मे महिन्यात सगळे गावी जमतो आणि सोनूचा वाढदिवसही मेमध्येच. या वर्षी मी आठ दिवस आधी गावी पोचले आणि प्रयोग सुरू केले. सात इंची, तळ सुटा होणाऱ्या भांड्यासाठी प्रमाण असं:

खालच्या थराला १५० ग्रॅम बिनबियांचा खजूर आणि १०० ग्रॅम बदाम. बदाम जाडसर फिरवायचे, खजूर घालून पुन्हा फिरवायचं, मुठीत धरून लाडू वळेल इतपत झालं की भांड्याच्या तळाला वाटीने दाबून बसवायचं.

क्रीमला ३०० ग्रॅम काजू तुकडा (अख्ख्या काजूला पैसे मोजू नका, वाटायचेच आहेत), सहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळलेला. नारळाचा पहिला दाट रस २०० मिली. खोबरेल तेल ८० मिली. काकवी १२० मिली, मध नको कारण काकवी घरात होती. दोन चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड. सगळं एकत्र, बोटांना कण लागेनासा होईपर्यंत वाटायचं. थरावर ओतायचं, भांडं दोनदा ओट्यावर आपटायचं म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात, आणि निदान सहा तास, खरं तर रात्रभर फ्रीझरमध्ये. काकवीमुळे रंग पांढरा न येता फिका बदामी येतो. पांढराच हवा असेल तर साखरेचा पाक घ्या.

तेलाबद्दल एक प्रश्न हमखास येतो: "केसांचं तेल केकमध्ये?" मुंबई-पुण्यात खोबरेल म्हटलं की लोकांना वेणी आठवते. पण शुद्ध खोबरेल हे खायचंच तेल. लहान बाटलीतलं तेल कर लावताना खाद्यतेल धरायचं की केशतेल, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की बाटली लहान आहे म्हणून तेल केसांचं ठरत नाही. फक्त खायचं तेल आणा, सुगंधी नको.

आता माझे पराक्रम. पहिल्या वेळी मी नारळाचा दुसरा, पातळ रस वापरला. कारण आळस. सकाळी बघते तर केक नाही, बर्फाचा गोळा! दाताखाली कचकच. कारण साधं आहे. पाणी जास्त, आणि घरचा फ्रीझर (उणे १८ अंशांच्या आसपास) हळूहळू गोठवतो. हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात. गोड जास्त असलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि केक दगडासारखा होत नाही. चरबी आणि बारीक वाटण स्फटिकांच्या मध्ये मध्ये येतात आणि त्यांना मोठं होऊ देत नाहीत. हे सगळं मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. खरं कळलं ते त्या कचकचीत.

दुसऱ्या वेळी दाट रस घेतला, पण फ्रीजमधून काढून तसाच थंडगार. वर तेल ओतलं आणि क्रीममध्ये पांढरे दाणे दाणे झाले. खोबरेल साधारण २४ अंशांना गोठतं. मे महिन्यात आमच्या ओट्यावर ते पाण्यासारखं पातळ असतं, थंड रसात पडल्याबरोबर मेणासारखं झालं. याच गुणामुळे खरं तर हा केक उभा राहतो, फक्त तेल गोठलं पाहिजे ते सगळीकडे मिसळल्यावर. म्हणून सगळ्या वस्तू आधी एकाच, खोलीच्या तापमानाला आणायच्या.

मिक्सरचंही सांगते. अमेरिकन पाककृती म्हणतात, यासाठी खूप ताकदीचा महागडा ब्लेंडर हवा. आपल्याला नको. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनीअरने बायकोचा परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे जळाला म्हणून दणकट मोटरचा मिक्सर तयार केला आणि 'सुमीत' घरोघरी गेला. इडलीचं पीठ, ओलं खोबरं वाटायला केलेलं यंत्र काजूला घाबरत नाही. दर मिनिटाला थांबवा म्हणजे मोटर तापणार नाही, एवढंच.

तिसरा प्रयत्न जमत आला होता. मी खालचा थर करायला घेतला आणि बघते तर भांडं आतून चकचकीत. आजीने केक सुटायला त्रास नको म्हणून साजूक तुपाचं बोट फिरवून ठेवलं होतं.

"आजी, तूप?"

"अगो, तूप म्हणजे काय दूध? एवढ्याशा तुपान काय होतला?"

मी ओरडले. नको होतं ओरडायला. पंच्याऐंशीची बाई ती, नातवाचा केक नीट निघावा म्हणून मांडणीवरून भांडं काढून, पुसून, तूप लावून ठेवणारी. तुपात दुधाचं प्रोटीन अगदी थोडं उरतं, पण उरतं. मी तिला शांतपणे हॉस्पिटलची रात्र पुन्हा सांगितली. ती काही बोलली नाही. उठून भांडं स्वतः राखेने आणि मग साबणाने घासलं, ताकाची रवी, लोण्याची वाटी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली आणि मिक्सरचं भांडं गरम पाण्याने दोनदा धुतलं. नंतर मला म्हणाली, "आता कायता वाचून दाखव, काय काय घातलंस ता." मी एकेक नाव मराठीत वाचलं. काजू, नारळ, खजूर, बदाम, काकवी, लिंबू, मीठ, वेलदोडे, खोबरेल. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. मला पहिल्यांदाच खात्री वाटली.

तेव्हाच डोक्यात आलं, की हे सगळ्यांनाच वाचता यावं. वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरात यादी लिहिली. खाली लिहिलं: 'यात दूध नाही. यात काजू आणि बदाम आहेत.'

वाढदिवसाच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि चार तास लाईट गेली. फ्रीझरचं दार उघडायचं नाही म्हणून मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले होते, पहारेकऱ्यासारखी. केक टिकला. दुपारी बाहेर काढून पंधरा मिनिटं ठेवला (यात आइस्क्रीमसारखी हवा फेटलेली नसते, त्यामुळे लगेच कापला तर सुरी मोडेल), सुरी गरम पाण्यात बुडवली आणि वर हापूसच्या फोडी रचल्या. फोडी आधीच लावून गोठवू नका, दगड होतात. गंमत म्हणजे आंबा आणि काजू एकाच कुळातले. तेव्हा हा केक म्हणजे दोन चुलत भावंडांचीच भेट.

केक आला. पोरं भोवती जमली. सोनू पुढे झाला, आणि मी त्याच्या प्रश्नाची वाट बघत होते. त्याने विचारलं नाही. चिठ्ठी उचलली, ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, "वेलदोडे म्हणजे वेलची ना?" एवढंच विचारलं आणि तुकडा उचलला. काकूकडे बघितलं नाही.

इथे लेख संपवता आला असता. पण अजून एक झालं. शेजारच्यांची पाहुणी आलेली छोटी मुलगी तुकड्याकडे हात नेणार, तेवढ्यात तिची आई चिठ्ठी वाचून म्हणाली, "अगं थांब, काजू आहे यात. हिला काजूने त्रास होतो." माझ्या पोटात गोळा आला. सोनूला जवळ घेणाऱ्या केकने दुसऱ्या मुलीला बाहेर ठेवलं होतं. तिला आम्ही हापूसच्या फोडींची वेगळी बशी दिली, नवीन सुरीने कापून. ती खुश होती. पण वहीचं ते पान नसतं तर? 'सगळ्यांना चालणारा केक' म्हणून मी तो मिरवत फिरले असते.

म्हणून या केकबद्दल जे काही बोललं जातं, त्याविषयी माझं स्पष्ट मत आहे. हल्ली शहरातल्या कॅफेंत तो महाग विकतात आणि बरोबर तीन गोष्टी सांगतात: हलका, कच्चा आणि 'गिल्ट-फ्री'. तिन्ही तपासून बघू.

हलका? १०० ग्रॅम काजूत सुमारे ५५० किलोकॅलरी असतात, क्रीम चीजमध्ये सुमारे ३५०. वर तेल आणि खजूर. शिवाय दुधातलं कॅल्शियम काजूतून मिळत नाही, ते सोनूला दुसरीकडून द्यावं लागतं. हा केक औषध नव्हे, केक आहे. लहान तुकडा खा.

कच्चा? बाजारात मिळणारा कुठलाच काजूगर खऱ्या अर्थाने कच्चा नसतो. काजूच्या टरफलात बिब्ब्यासारखं, कातडी भाजणारं तेल असतं (बिब्बाही त्याच कुळातला), म्हणून बी आधी वाफवावी किंवा भाजावी लागते.

आणि 'गिल्ट-फ्री'? वेंगुर्ल्याकडे, चंदगड-आजऱ्याकडे काजूच्या कारखान्यांत बी फोडायला, साल काढायला, प्रतवारी करायला बहुतेक बायकाच असतात. माझी एक आत्या लग्नाआधी हेच काम करायची. बोटांना राख, तेल लावून बसायचं, तरी कातडी सोलायची, काळी पडायची. टरफलाचं तेच तेल पुढे गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जातं, हे आपल्या मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल. आता यंत्रं आली आहेत, पण सगळीकडे नाहीत. आणि देशातल्या कारखान्यांत फुटणारी पुष्कळ बी आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्टसारख्या देशांतून येते. गाईला त्रास दिला नाही म्हणजे कुणालाच दिला नाही, असं होत नाही. मी काजू खाणं सोडलेलं नाही. पण 'गिल्ट-फ्री' हा शब्द मला आत्याच्या बोटांसमोर उच्चारवत नाही.

मग राहतं काय? माझ्या मते या केकचा खरा गुण एकच. ज्याला आयुष्यभर 'तुला नाही' असं ऐकावं लागतं, त्याला तो पंगतीत बसवतो. तेवढं पुरे आहे. त्यासाठी त्याला हलका, कच्चा, पवित्र ठरवायची गरज नाही. खरं काय घातलंय ते सांगा, म्हणजे झालं.

आता आपल्या कॉलेजकडे येते. पाकिटबंद मालावर दूध, सुकामेवा, शेंगदाणे, सोयाबीन, गहू असे ॲलर्जीचे पदार्थ जाहीर करावे लागतात, आणि दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना ते मेन्यूतही सांगावे लागतात, असे २०२० चे नियम आहेत. २०२२ मध्ये व्हेगन पदार्थांसाठी वेगळं हिरवं चिन्हही आलं. पण आपलं कॅन्टीन? गॅदरिंगचे स्टॉल? होस्टेलमध्ये रात्री बारा वाजता तोंडाला फासतात तो केक? तिथे कुणी कुणाला काही सांगत नाही. पावभाजीवर लोणी असतं ते दिसतं, पण ग्रेव्हीत काजू की मगजबी, चटणीत शेंगदाणे की डाळं, ते विचारलं तर "खा ना, काही होत नाही" हे उत्तर येतं. तेच उत्तर मीही दोन वर्षांपूर्वी दिलं होतं.

मला काही मोठी मोहीम काढायची नाही. एकच मागणं आहे. या वर्षीच्या गॅदरिंगला फूड स्टॉल लावणाऱ्या प्रत्येक ग्रुपने पदार्थासमोर एक चिठ्ठी लावावी. त्यात काय काय आहे ते, मराठीत, मोठ्या अक्षरात. कॅन्टीनच्या काकांना मी विचारलंय, ते म्हणाले, "लिहून दे, मी लावतो." म्हणजे अडचण तिथे नाही. आपल्या आळसात आहे. आणि होस्टेलमध्ये केक फासण्याआधी एकदा विचारा, "तुला चालतं ना?" विचारल्याने वाढदिवसाची मजा कमी होत नाही.

आणि हो, केमिकलच्या स्टॉलवर काजूच्या क्रीमचा गोठवलेला केक असणार आहे. गॅदरिंगच्या वेळी हापूस नसतो, म्हणून वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी. सोनूही येणार आहे. चिठ्ठ्या त्यानेच लिहायच्या असं ठरलंय. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, बाकी काही चुकलं असेल तर मात्र जरूर सांगा.